भिंतीआडचे पाणी आणि निदानाचा दुष्काळ

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. पहिल्या दुर्घटनेत पाच, तर दुसरीत सात जणांचा बळी गेला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत फरशीचे काम सुरू असताना स्लॅब खाली आला आणि सहा जण दगावले. या तिन्ही ठिकाणी इमारत मुळासकट आडवी झाली नाही. वरच्या घराची जमीन खालच्या घरात आणि तिथून आणखी खालच्या घरात उतरत गेली. या दुर्घटनांचे खापर केवळ गळतीवर फोडणे चुकीचे ठरेल; निकृष्ट बांधकामापासून बेफिकीर तोडफोडीपर्यंत अनेक गोष्टी अशा घटनांच्या मुळाशी असतात. परंतु स्लॅब आतून कसा पोखरला जातो, हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला आणि त्याचे उत्तर शोधू गेल्यास वाट बहुतेक वेळा न्हाणीघराकडे जाते.

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत ओल ही आता तक्रारही राहिलेली नाही; ती घराच्या वर्णनाचा भाग झाली आहे. छताच्या कोपऱ्यातला तपकिरी डाग, कपाटामागचे पोपडे, भिंतीवर फुटलेला पांढरा लोणा, पावसाळ्यात विनाकारण पडणारा विजेचा ट्रिप स्विच या खुणा सर्वांच्या परिचयाच्या. दिवाळीपूर्वी रंगारी बोलवायचा, पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वर ‘डॅम्पप्रूफ’ म्हणून विकला जाणारा रंग लावायचा आणि पुढच्या गणपतीपर्यंत वाट पाहायची, असा हा वार्षिक विधी. या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही : हे पाणी नेमके येते कुठून?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर सोपे नाही. पाणी जिथे गळते तिथे क्वचितच दिसते. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ते उताराच्या दिशेने सरकते, वीजतारांसाठी टाकलेल्या नळ्यांमध्ये शिरते आणि गळतीच्या जागेपासून दहा-बारा फुटांवर दिवाणखान्यातल्या पंख्याच्या हुकाजवळ प्रकट होते. खालच्या घरातले लोक मग वरच्या दिवाणखान्याकडे बोट दाखवतात, वरचे लोक आपली कोरडी फरशी दाखवतात आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. विटांच्या भिंतीत तर पाणी केशाकर्षणाने वरही चढते. त्यामुळे जमिनीलगतची ओल नेहमी बाहेरून आलेली असते असे नाही. ती मोरीच्या उंबऱ्याखालून आलेली असू शकते.

घरात पाणी शिरण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन. पहिला, दाबाखालच्या नळाचा. शहरात महापालिकेचे पाणी दिवसातून काही तास येत असले तरी गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या नळांत ते चोवीस तास उभे असते. उंचीच्या दर दहा मीटरला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर एवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा भिंतीतला नळ अहोरात्र जवळपास तीन किलोचा दाब सोसत असतो. सत्तर ते नव्वदच्या दशकांत भिंतीला खाच पाडून बसवलेले जस्तलेपित लोखंडी नळ आता आयुष्याच्या अखेरीला आले आहेत. त्यांच्या जागी आलेले सीपीव्हीसीचे नळ गंजत नाहीत हे खरे, पण त्यांचे सांधे चिकटवणाऱ्या हाताइतकेच विश्वसनीय असतात. गिझर टांगताना किंवा आरसा लावताना मारलेला स्क्रू नळात घुसल्याची उदाहरणेही कमी नाहीत. असा स्क्रू काही काळ स्वतःच भोक बुजवून ठेवतो. तो गंजला की गळती सुरू होते आणि तोवर आरसा कधी लावला हे घरातले सगळे विसरलेले असतात.

दुसरा मार्ग सांडपाण्याचा. नहाणी ट्रॅप आणि स्लॅब यांच्यातला सांधा, कमोडखालचा जोड, फरशीच्या फटी आणि त्याखालचा वीटतुकड्यांचा कोबा ही त्याची ठिकाणे. तिसरा मार्ग पावसाचा : बाहेरच्या भिंतीच्या भेगा, खिडकीचा सज्जा, गच्ची, डक्टमधले पाइप. तिन्हींची लक्षणे भिंतीवर सारखीच दिसतात, पण उपचार पूर्णपणे भिन्न आहेत. इथेच बहुसंख्य दुरुस्त्या फसतात. बाहेरून रासायनिक लेप दिला जातो आणि दोष असतो आतल्या नळाचा. किंवा सगळे न्हाणीघर उखडले जाते आणि पाणी येत असते डक्टमधल्या फुटक्या पाइपातून.

वस्तुतः निदानाची पहिली पायरी फुकट आहे. ओल कधी वाढते याची पंधरा दिवसांची नोंद ठेवली, तरी अर्धे कोडे सुटते. दिवसरात्र, बारा महिने सारखी टिकणारी ओल बहुधा दाबाच्या नळाची असते. सकाळच्या आंघोळीनंतर वाढणारी आणि वरचे कुटुंब गावी गेले की सुकणारी ओल सांडपाण्याची. केवळ पश्चिमेच्या भिंतीवर, जोरदार सरीनंतर दिसणारी ओल पावसाची. यानंतरची पायरी चाचणीची. वरच्या सदनिकेचे सर्व नळ बंद करून हातपंपाने वाहिनीत दाब भरायचा आणि मापकाचा काटा पाहायचा. काटा उतरला तर दोष दाबाच्या नळात आहे. उतरला नाही, तर नहाणीचे तोंड बंद करून जमिनीवर रंगीत पाणी चोवीस तास तुंबवून ठेवायचे. फरशीतून पाझर असेल तर खाली रंग उतरतो. तसे झाले नाही, तर तोच रंग ट्रॅपमधून आणि कमोडमधून सोडून पाहायचा. एक तोटी, एक पंप, रंगाची पुडी आणि दोन दिवसांचा संयम एवढेच भांडवल त्याला लागते.

अलीकडे या क्षेत्रात उपकरणांची चलती आहे. थर्मल कॅमेरा घेऊन येणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती गृहसंस्थांच्या सूचनाफलकांपर्यंत पोहोचल्या आहेत. या उपकरणाचा उपयोग निश्चित आहे, परंतु त्याच्याबद्दलचा एक गैरसमज दूर व्हायला हवा. हा कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही. तो भिंतीच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. ओलसर भाग बाष्पीभवनामुळे थोडा थंड असतो म्हणून तो वेगळा उठून दिसतो. पण वातानुकूलन यंत्राचा झोत किंवा भिंतीमागचा बीमसुद्धा तसाच दिसू शकतो. मुंबईच्या जुलैत हवेतच एवढे बाष्प असते की बाष्पीभवन मंदावते आणि चित्र धूसर होते. गरम पाण्याच्या नळाची गळती मात्र हा कॅमेरा उत्तम दाखवतो. आवाजावरून गळती शोधणारी यंत्रे लोखंडी नळांवर चांगली चालतात. प्लास्टिकच्या नळांत आवाज विरतो आणि टाकीला लागून असलेल्या वरच्या मजल्यांवर तर दाबच इतका कमी असतो की गळतीला आवाज नसतो. परदेशात पाच टक्के हायड्रोजन आणि पंच्याण्णव टक्के नायट्रोजन असे मिश्रण रिकाम्या नळात भरून ते फरशीतून कुठे बाहेर पडते हे संवेदकाने हुडकतात. पद्धत चांगली आहे, मात्र चाचण्यांच्या क्रमाला तीही पर्याय नाही. रंगीत छायाचित्रांचा तीस पानी अहवाल हातात पडला आणि त्यात शेवटी ‘गळतीचा स्रोत वरील मजला असण्याची शक्यता’ एवढेच लिहिलेले असले, तर पैसे वाया गेले असे समजावे.

घरोघरी स्वतंत्र पाणीमापक असता, तर एक सोपी कसोटी हाताशी होती. सगळे नळ बंद असताना काटा फिरतो का, हे कोणीही पाहू शकले असते. पण आपल्या शहरांत बहुतेक जुन्या गृहसंस्थांना मिळून एकच मापक असतो आणि बिल सदनिकांमध्ये वाटले जाते. अर्थात मापक असता तरी लहान गळतीने बिलावर फारसा फरक पडला नसता. सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला जेमतेम चार-साडेचार लिटर पाणी जाते. राष्ट्रीय बांधकाम संहितेतील माणशी १३५ लिटरचा हिशेब धरला, तर चाळीस सदनिकांच्या संस्थेचा रोजचा वापर वीस हजार लिटरच्या पुढे जातो. त्यात चार लिटर कोण मोजणार? मात्र हेच चार लिटर रोज एकाच भिंतीत मुरले, तर वर्षाला दीड हजार लिटर होतात. पाण्याच्या ताळेबंदात नगण्य असलेली गळती इमारतीच्या ताळेबंदात मोठी असते. तिच्याकडे पाणी वाचवण्याच्या नजरेने पाहिले जाते तोवर ती दुर्लक्षितच राहणार, कारण त्या हिशेबात ती खरोखरच दुर्लक्षणीय आहे.

इमारतीचे नुकसान कसे होते, हे थोडे सविस्तर पाहायला हवे. चांगल्या काँक्रीटचा सामू बारा-तेराच्या आसपास असतो. या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कर्बवायू वर्षानुवर्षे आत शिरून हा सामू उतरवतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड तो थर थेट भेदतात. त्यानंतर गंज चढायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. सतत पाण्यात बुडालेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायू कमी पोहोचतो, म्हणून तिथे गंज सावकाश चढतो. सर्वांत घातक स्थिती म्हणजे आळीपाळीने भिजणे आणि वाळणे. सकाळी ओला, दुपारी सुकलेला, रात्री पुन्हा ओला असा न्हाणीघराखालचा स्लॅब म्हणजे या स्थितीचा वस्तुपाठच. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते. ते आतून काँक्रीटला रेटते, सळईच्या रेषेत भेग पडते, त्या भेगेतून आणखी पाणी शिरते आणि एके दिवशी स्लॅबचा खालचा थर ताटलीएवढ्या तुकड्यांनी गळून पडतो. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार सळईवर सौम्य वातावरणात किमान २० मिलिमीटर आणि किनारपट्टीच्या तीव्र वातावरणात ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन हवे. जुन्या इमारतींच्या न्हाणीघराचे छत पाडताना प्रत्यक्षात काय दिसते, हे कोणत्याही अनुभवी कंत्राटदाराला विचारावे.

या पार्श्वभूमीवर कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी जबाबदारीची वाटणी बऱ्यापैकी स्पष्ट केली आहे. पावसाचे पाणी, बाहेरचे सामायिक नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांमुळे होणारी गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायची; शौचालय, सिंक आदींमुळे होणारी अंतर्गत गळती संबंधित सभासदाने. नव्या इमारतींबाबत रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आलेला दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा आहे. पूर्वीच्या मोफा कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती. सभासद आणि संस्था यांच्यातील वादासाठी सहकार न्यायालयाचा मार्ग आहे. कागदावर पाहिले तर उणीव दिसत नाही.

उणीव आहे ती या साऱ्या तरतुदींच्या आधीच्या पायरीत. खर्च कोणी करायचा हे स्रोतावर अवलंबून आहे. पण स्रोत कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने शोधायचा, याचे ठाम उत्तर या वाटणीत मिळत नाही. सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिला आहे, पण शेजाऱ्याशी वाईटपणा कोण घेणार म्हणून तो वापरला जात नाही. परिणामी खालचा सभासद अर्ज करतो, समिती वरच्या सभासदाला पत्र पाठवते, वरचा सभासद आपला प्लंबर आणून ‘आमच्याकडे काही नाही’ असे म्हणवून घेतो. खालचा आपला कंत्राटदार आणून उलट म्हणवून घेतो. दोघांचेही तज्ज्ञ दहा मिनिटे थांबलेले असतात आणि तोटी कोणीच बंद केलेली नसते. ब्रिटनमधील अनेक गृहविमा योजनांत गळती शोधण्यासाठी आणि तिथवर पोहोचण्यासाठी होणाऱ्या तोडफोडीचा खर्च स्वतंत्र संरक्षणाचा भाग असतो. निदान हा दुरुस्तीपेक्षा वेगळा आणि मोबदला देण्याजोगा व्यवहार आहे, ही गोष्ट तिथे विमा कंपन्यांनाही पटलेली दिसते.

इमारतींच्या संरचनात्मक तपासणीकडे अनेक जण उत्तर म्हणून पाहतात. मुंबई महापालिका कायद्यातील कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांवरील इमारतींना ती बंधनकारक आहे. ती व्हायलाच हवी. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. रिबाउंड हॅमर, श्राव्यातीत लहरी, हाफ-सेल पोटेन्शियल, कोअर या चाचण्या काँक्रीट आणि सळई यांची आजची प्रकृती सांगतात. पाणी कुठून येते हे सांगत नाहीत. अहवालात ‘गळती प्रथम थांबवावी’ असे एक वाक्य असते आणि त्याखाली जॅकेटिंग, पॉलिमर मॉर्टर, रंगकाम यांचे काही पानांचे अंदाजपत्रक. निविदा अंदाजपत्रकाची निघते, वाक्याची नाही. मग लाखो रुपये खर्चून दुरुस्त केलेल्या स्लॅबवर तीच गळती नव्याने काम सुरू करते. मुंबईत सी-१ ते सी-३ या वर्गवारीवर रहिवाशांचे घरातले वास्तव्यच अवलंबून असते, तिथे ही हेळसांड अधिकच गंभीर ठरते. जुन्या भाडेकरू इमारतींत मालक मुद्दाम गळतीकडे काणाडोळा करून इमारत सी-१ पर्यंत पोहोचू देतात, असा आरोप भाडेकरूंकडून वारंवार होतो तो उगाच नव्हे.

संस्थांच्या तिजोरीचीही गंमत आहे. उपविधींनुसार दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाऊण टक्का, तर सिंकिंग फंड पाव टक्का. हा खर्च बांधकामाच्या वेळचा. १९८५ साली एखाद्या सदनिकेच्या बांधकामाला दीड लाख रुपये लागले असतील, तर दुरुस्ती निधीची किमान वर्गणी वर्षाला सव्वाअकराशे रुपये होते. महिन्याला शंभरही नाही. सर्वसाधारण सभा ती वाढवू शकते, पण सभेत वर्गणीवाढीचा ठराव मांडण्याचे धैर्य फार थोड्या सचिवांकडे असते. त्यात पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर प्रश्नच मिटला. ‘आता पाडायचीच आहे’ या एका वाक्यावर इमारती दहा-दहा वर्षे भिजत राहतात.

तरीही पैसा हे अडचणीचे खरे मूळ नाही. वरच्या सभासदाच्या नकारामागे बहुधा वेगळेच कारण असते आणि ते लाजेखातर बोलले जात नाही. ट्रॅप बदलून, जुना कोबा काढून, नवा थर देऊन, त्यावर पाणी तुंबवून चाचणी घेऊन फरशी बसवायची, तर न्हाणीघर किमान आठ-दहा दिवस बंद राहते. एका बेडरूमच्या घरात न्हाणीघर आणि शौचालय एकच असते. घरात अंथरुणाला खिळलेले वडील असतील, दहावीतली मुलगी असेल, तर त्या कुटुंबाने दहा दिवस जायचे कुठे? नोटीस या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ज्या संस्था ते देतात तिथे वाद लवकर मिटतात : एखाद्या सभासदाची रिकामी सदनिका आठवडाभरासाठी मिळवून देणे, तळमजल्यावरचे सामायिक शौचालय नीट करून देणे, शाळेच्या सुट्टीतली तारीख लेखी ठरवणे आणि निदानाचा खर्च आधी संस्थेने करून नंतर दोषाप्रमाणे वसूल करणे. सर्वसाधारण सभेच्या एका ठरावात या चारही गोष्टी बसतात.

हे टाळण्यासाठीच ‘फरशी न फोडता गळती बंद’ या जाहिरातींना मागणी आहे. दोष केवळ फरशीच्या सांध्यांत असेल, तर जुने ग्राउट काढून इपॉक्सी ग्राउट भरल्याने खरोखरच काम होते. ट्रॅप तडकला असेल किंवा नळ गंजला असेल, तर हा उपाय काही महिन्यांची उसंत मिळवून देतो. खालच्या घराच्या छताला आतून लेप देणे त्याहून वाईट. पाण्याचा मार्ग खालून बंद होतो, वरून येणे थांबत नाही आणि स्लॅब भरलेल्या स्पंजासारखा सळया भिजवत राहतो. डाग नाहीसा झाला म्हणून खालचे कुटुंब मात्र निर्धास्त होते. दुसऱ्या टोकाला, फोडायचेच ठरले की कंत्राटदार विजेवर चालणारा ब्रेकर घेऊन येतो. गंजलेल्या जुन्या स्लॅबवर ब्रेकर चालवणे धोक्याचे आहे. कोबा छिन्नी-हातोड्याने, अभियंत्याच्या देखरेखीखाली काढायला हवा आणि राडारोडा त्याच दिवशी खाली उतरवायला हवा. स्लॅबवर रचलेल्या गोण्यांचे वजन कोणी विचारात घेत नाही.

निदानासाठी वर्षातला उत्तम काळ जानेवारी ते मार्च हा असतो. पावसाने भिजलेली जाड भिंत वाळायला तीन-चार महिने लागतात. म्हणून फेब्रुवारीतही जी भिंत ओली आहे तिच्या बाबतीत पावसावरचा संशय उरत नाही आणि शोध नळ आणि नहाणीपुरता मर्यादित होतो. बाहेरच्या भेगा भरायला त्यानंतरही दोन कोरडे महिने शिल्लक असतात. बहुतेक गृहसंस्थांच्या निविदा मात्र एप्रिलच्या अखेरीस उघडल्या जातात, परांची मेच्या मध्यावर उभी राहते आणि जूनच्या पहिल्या सरीबरोबर काम अर्ध्यावर थांबते.